साक्षीदाराची सही

वहीत दोन रकाने असतात.
पहिल्यात, ज्यानं औषध काढलं त्याची सही.
दुसऱ्यात, उरलेलं ओतून देताना
ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याची.
अकरा महिने, बहुतेक रात्री,
दुसऱ्या रकान्यात माझी सही आहे.

मी पाहिलं नव्हतं.

थंडर बेला जानेवारीत बंदर गोठतं,
बर्फ तडकला की आवाज पार्किंगपर्यंत येतो.
तशातही डॉक्टर एरो कांगास
फोन ठेवल्यापासून वीस मिनिटांत हजर.
लहान मुलाला भूल देताना
मास्क आधी स्वतःच्या तळव्यात ऊबवून घ्यायचा,
म्हणायचा, फुंकर मार, माझ्या केकवरची मेणबत्ती विझव.
मुलं फुंकर मारता मारता झोपायची.
अशा माणसाच्या हातांकडे कोण बघतं?

शंभरातले साठ पेशंटला,
चाळीस बेसिनला.
"मॉयरा, चाळीस," तो म्हणायचा,
सिरिंज दिव्यासमोर धरायचा.
मी फोनवर असायची, किंवा गॉजचे तुकडे मोजत,
किंवा नुसतीच थकलेली.
खांद्यानं दार धरून ठेवायची आणि सही करायची.
चाळीस दिसत होते खरे.
पाणीही तसंच दिसतं.

मग तो जास्तच चांगला झाला.
"तू जा घरी, मी थांबतो."
ख्रिसमसची ड्यूटी मागून घेतली.
जुलैतसुद्धा पूर्ण बाह्या.
आम्ही म्हटलं, फिन लोकांना थंडीची सवय लागलेली,
उन्हाळा सोसत नसेल.
आणि हसलो.

रिकव्हरीतली शार्लीन एकदा म्हणाली,
याचे पेशंट हल्ली शुद्धीवर येताना फार रडतात.
नॉर्वल नावाचा ट्रकवाला, सहा फूट दोन इंच,
मांडीत नवा रॉड घातलेला,
पलंगाचा कठडा धरून आईला हाका मारत होता.
मी म्हटलं, माणसं नाजूक झालीत.
हे मी म्हटलं.
चौकशीत कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मार्चमध्ये, सव्वापाचला,
स्टाफच्या टॉयलेटमधला नळ थांबेना.
दाराखालच्या फटीत त्याचा हिरवा बूट,
आडवा.
दार काढायला मेंटेनन्सचा पोरगा आला, त्याचे हात थरथरत होते.
ओठ निळे. श्वास, दोन मिनिटांत चार.
नालोक्सोन मी दिलं, त्याच्याच ट्रॉलीतलं,
जे तो प्रत्येक केसआधी तपासून ठेवायचा.
डोळे उघडले.
म्हणाला, "किती वाजले? सातला माझी केस आहे."

मराठीत हिशेबाखाली लिहितात म्हणे,
चूकभूल द्यावी घ्यावी.
कुणी घ्यायची?
नॉर्वलनं तर आधीच घेतली होती,
कठडा धरून,
न विचारता.

एरो आता मासेमारीचं सामान विकतो, हायवेवर.
परवाना गोठवलाय, सरोवरासारखा,
असं तोच म्हणतो. विनोद अजून वाईटच करतो.
दर सोमवारी बाटलीत लघवी द्यायची,
आणि समोर एक माणूस उभा असतो.
"तो खरंच बघतो, मॉयरा," तो म्हणाला,
गळांची पेटी पुसत,
"पगारच त्याचा त्यासाठी आहे."
मी काही बोलले नाही.
दोन गळ घेतले, मला मासे धरता येत नाहीत.
त्यानं सुटे पैसे दोनदा मोजून दिले,
आणि माझी नजर त्याच्या मनगटावर गेली.
त्याला दिसलं ते.
त्यानं बाही वर सरकवली, कोपरापर्यंत,
एक. मग दुसरी.
गिऱ्हाईक आल्यावर खाली घेतली.

नवी भूलतज्ज्ञ हॅलिफॅक्सची आहे, तरुण, भराभर चालणारी.
"चाळीस," ती म्हणते.
मी फोन ठेवते. बेसिनशी जाते.
तिला राग येतो, येऊ दे.
चाळीस थेंबाथेंबानं स्टीलवर पडतात,
मी वाकून बघते, शेवटपर्यंत बघते,
मग पेन उघडते.

पाणीही तसंच दिसतं.